गालात टोचणारी ब्रेसेसची तार: नेलकटर उचलण्याआधी

प्रश्न असा आहे: १४ वर्षांच्या मुलीला ब्रेसेस लावून चार महिने झालेत. उजवीकडे सगळ्यात मागच्या दाढेपाशी तार बाहेर आली आहे आणि गालाला आतून जखम झाली आहे. दवाखाना दोन दिवस बंद आहे, पुढची तारीख दहा दिवसांनी आहे. आई विचारते, घरच्या नेलकटरने टोक कापून टाकलं तर चालेल का?

आज रात्री तरी कापू नका. टोकावर ब्रेसेसवर लावायचं मेण लावा, मुलीला झोपू द्या आणि सकाळी चांगल्या उजेडात नीट पाहा. दवाखाना बंद असला तरी डॉक्टरांना आजच फोटो पाठवून ठेवा. मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत, म्हणजे दहा दिवस, थांबू नका. घरी तार कधीच कापू नये असं मी म्हणणार नाही, पण तो शेवटचा उपाय आहे आणि काही वेळा तो सरळ चुकीचा ठरतो. ‘तार टोचते’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे पाच-सहा वेगळ्या गोष्टी असू शकतात. कुठली तार, कुठून आणि का बाहेर आली हे कळलं की काय करायचं ते बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

आधी रचना समजून घ्या. प्रत्येक दातावर चिकटवलेला छोटा तुकडा म्हणजे ब्रॅकेट. त्याच्या मध्यभागी आडवी खाच असते आणि त्या खाचांमधून एकच मुख्य तार इकडच्या दाढेपासून तिकडच्या दाढेपर्यंत जाते. शेवटच्या दाढेवर ब्रॅकेटऐवजी बारीक नळी असते, तिला आम्ही ट्यूब म्हणतो. तारेची दोन्ही टोकं या दोन ट्यूबमध्ये शिरलेली असतात. तार खाचेतून निसटू नये म्हणून प्रत्येक ब्रॅकेटवर रंगीत रबरी रिंग असते, किंवा केसासारखी बारीक तार पिळून बांधलेली असते. ही बांधायची तार म्हणजे लिगेचर. टोचणारी गोष्ट मुख्य तार आहे की लिगेचर, हा पहिला फरक. घरच्यांच्या तो सहसा लक्षात येत नाही.

चौथ्या महिन्यात, सगळ्यात मागे, एकाच बाजूला टोचत असेल तर माझ्या डोक्यात सर्वांत आधी दोन शक्यता येतात.

पहिली शक्यता चांगल्या बातमीची आहे. उपचाराच्या सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची गोल तार घालतात. ती साधारण ०.०१२ ते ०.०१६ इंच जाडीची, म्हणजे ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. वेड्यावाकड्या दातांमधून ती नागमोडी जाते. दात सरळ होऊ लागले की तिला तेवढं अंतर कापावं लागत नाही. नागमोडी पसरलेली दोरी ताणल्यावर तिचं टोक पुढे सरकावं, तशी उरलेली लांबी मागच्या ट्यूबमधून बाहेर पडते. तार लावली त्या दिवशी टोक ट्यूबच्या तोंडाशी अगदी बरोबर कापलेलं असलं तरी सहा आठवड्यांनी ते एक-दोन मिलिमीटर बाहेर दिसू शकतं. डॉक्टरांनी कामचुकारपणा केला असा याचा अर्थ होत नाही. दात हलले, एवढाच होतो.

दुसरी शक्यता फसवी आहे. गोल, गुळगुळीत तार खाचांमधून आडवी सरकते. एकाच बाजूने जास्त चावण्याची सवय असेल तर रोजच्या चावण्याच्या धक्क्यांनी ती हळूहळू एका बाजूला जाते. मग उजवीकडे चार मिलिमीटर बाहेर येते आणि डावीकडे तेवढीच आत जाते. कधीकधी डावीकडच्या ट्यूबमधून पूर्ण सुटूनही येते. रुग्णाला उजवी बाजू टोचते म्हणून सगळे उजवीकडेच पाहतात. अशा वेळी उजवीकडचं टोक कापलं तर आज आराम मिळेल, पण ती तार परत मध्यावर आणली की उजवीकडे आखूड पडेल आणि ट्यूबमध्ये पोहोचणारच नाही. म्हणजे चांगली चालू असलेली तार वाया गेली. म्हणून माझी पहिली विनंती अशी की न टोचणारी बाजू आधी पाहा. डावीकडच्या ट्यूबच्या मागे तारेचं टोक दिसतंय का? दिसत नसेल, किंवा ट्यूब रिकामी असेल, तर हे सरकण्याचं प्रकरण आहे आणि कात्री, कटर, काहीही लावू नका.

सरकलेली तार कधीकधी घरीही थोडी मागे नेता येते. स्वच्छ धुतलेल्या, बोथट टोकाच्या चिमट्याने दोन ब्रॅकेटच्या मधली तार पकडायची आणि अगदी हलक्या हाताने दुसऱ्या बाजूला ढकलायची. मिलिमीटरभर सरकली तरी टोचणं थांबतं. दुसरं टोक ट्यूबमधून निघालेलं असेल तर ते आधी ट्यूबच्या तोंडाशी आणावं लागतं, आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो. दोन-तीनदा करून जमलं नाही तर सोडून द्या आणि मेण लावा. जोर लावला की ब्रॅकेट निघतं आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात.

तिसरा प्रकार म्हणजे तार ट्यूबच्या मागून नव्हे, तर पुढून सुटणं. उपदाढ आणि दाढ यांच्यामध्ये तारेचा बराच भाग मोकळा असतो. त्यावर कडक घास आदळला की सुरुवातीची बारीक तार वाकते आणि तिचं टोक ट्यूबमधून निसटून गालाकडे उभं राहतं. हे टोक लांब असतं, हलतं आणि जोरात टोचतं. ते चिमट्याने धरून ट्यूबमध्ये सहज परत जात असेल तर घालायला हरकत नाही. जात नसेल तर त्याला दाताच्या दिशेने दाबून वर मेणाचा मोठा गोळा बसवा.

टोचण्याची जागा मागे नसून मधे असेल, म्हणजे सुळ्याच्या किंवा उपदाढेच्या आसपास, तर बहुधा लिगेचरचं पिळलेलं शेपूट वर आलेलं असतं. हा सर्वांत सोपा प्रकार. आम्ही ते शेपूट मुख्य तारेखाली दुमडून ठेवतो. ब्रश लागून किंवा घास अडकून ते उघडतं. पेन्सिलच्या मागचं रबर स्वच्छ धुऊन, किंवा कापसाची काडी घेऊन, शेपूट तारेच्या खाली किंवा दाताच्या कडेला दाबून द्या. ते मऊ पोलादाचं असतं, दाबलं तसं राहतं. एवढ्यासाठी कुणी दवाखाना गाठावा असं मला वाटत नाही.

मुख्य निकेल-टायटॅनियम तारेचं मात्र तसं नाही. या मिश्रधातूचा शोध अमेरिकी नौदलाच्या एका प्रयोगशाळेत लागला आणि १९७० च्या दशकात तो दातांच्या उपचारात आला. वाकवलं तरी मूळ आकारात परत येणं हाच त्याचा गुण, आणि त्याच गुणावर दात सरळ होतात. त्यामुळे मुलं बाहेर आलेलं टोक बोटाने किंवा चमच्याने आत वाकवतात तेव्हा ते क्षणभर वाकतं आणि हात काढताच पुन्हा उभं राहतं. दवाखान्यात आम्ही तोंडात घालण्याआधी त्याचं टोक ज्योतीवर तापवून मऊ करतो, म्हणून ते आमच्या हातून दुमडतं. घरी, तोंडातल्या तारेवर, हे करण्याचा प्रयत्नही करू नका. आगपेटी घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत, म्हणून लिहितोय.

ब्रॅकेट दातापासून सुटलं असेल तर तेही टोचण्यासारखंच वाटतं. ते तारेवर मणी असल्यासारखं फिरतं, सरकतं आणि उलटं झालं की गालात रुततं. रबरी रिंग शाबूत असेल तर ब्रॅकेट तारेवरून पडत नाही. ते दाताच्या मधोमध आणून मेणाने झाकून ठेवा, ओढून काढू नका. आपोआप निघून हातात आलं तर डबीत ठेवून सोबत आणा.

उपचाराच्या उत्तरार्धात चित्र पुन्हा बदलतं. दात काढून तयार केलेली जागा बंद करताना पोलादाची चौकोनी तार असते. बहुतेकदा ती ०.०१९ गुणिले ०.०२५ इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर उंच आणि त्याहून थोडी रुंद असते. पुढचे दात मागे सरकताना ही तार ट्यूबमधून मागे बाहेर येत राहते, महिन्याला अर्धा ते एक मिलिमीटर. हे अपेक्षितच असतं आणि प्रत्येक भेटीला ती कापावी लागते. भेट चुकली की ती टोचणारच. अशा तारेला नेलकटर लावणं व्यर्थ आहे. नेलकटरची धार बोथट होते, तार पिरगळते आणि त्या झटक्याने दाढेवरची ट्यूब उखडून येते. चौथ्या महिन्यातल्या मुलीला ही तार असण्याची शक्यता कमी, पण मोठ्या भावंडाच्या बाबतीत जमलं म्हणून धाकट्यावर प्रयोग करणारे पालक असतात. दोघांच्या तारा एक नसतात.

आता पाहायचं कसं. घरातला दिवा पुरत नाही. फोनचा टॉर्च लावा, मुलीला खुर्चीवर ताठ बसवा आणि चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढा. तोंड फार मोठं उघडायला लावू नका, कारण मोठं उघडलं की गाल ताणून दाढेवर चिकटतो आणि काहीच दिसत नाही. अर्धवट उघडलं की जागा होते. दोन्ही बाजूंचा एकेक फोटो आणि समोरून दात मिटलेला एक फोटो काढा. डॉक्टरांना तीनही पाठवा, फक्त टोचणारी जागा नको. फोटो पाहून निम्म्याहून अधिक वेळा फोनवरच सांगता येतं की हे थांबू शकतं की नाही.

मेणाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ‘मेण लावलं पण राहत नाही’ ही तक्रार फार ऐकतो, आणि बहुतेक वेळा दोष ओल्या तारेचा असतो. हात साबणाने धुवा. आधी दात घासा, म्हणजे मेणाखाली अन्न दाबलं जाणार नाही. मग टिश्यू किंवा कापसाने ती जागा कोरडी करा आणि गाल बाजूला धरून ठेवा, नाहीतर लाळ लगेच परत येते. मेणाचा मटारएवढा गोळा बोटांत अर्धा मिनिट मळा. थंड कडक मेण चिकटत नाही. तो टोकावर नुसता ठेवू नका. टोकाच्या वरून, खालून आणि मागून दाबून तार आणि ट्यूब दोन्ही एकत्र गाडून टाका. वरचा पृष्ठभाग बोटाने गुळगुळीत करा. जेवताना काढा, जेवणानंतर नवीन लावा, रात्री झोपताना हमखास लावा, कारण त्या कुशीवर झोपलं की उशीचा दाब गालावरून थेट टोकावर येतो. थोडं मेण गिळलं गेलं तरी काही होत नाही.

मेण संपलं असेल आणि दुकान बंद असेल तर बिनसाखरेचं च्युइंगम चघळून त्याचा गोळा तात्पुरता लावता येतो, पण जागेपणी. झोपेत तो सुटून घशात जाऊ शकतो. टोकावर ओला कापूस दाबून ठेवला तरी तासभर निभतं. एकच गोष्ट अजिबात करू नका: घरात असलेला झटपट चिकटणारा गोंद. तो ओल्या तोंडात गालाच्या त्वचेला चिकटतो, तारेला नाही.

‘होईल सवय’ हा सल्ला मोठी माणसं प्रेमाने देतात. ब्रॅकेटच्या बाबतीत तो खरा आहे. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत गालाची आतली त्वचा निबर होते आणि ब्रॅकेट घासलेलं जाणवेनासं होतं. तारेच्या टोकाच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. टोक घासत नाही, रुततं. गाल त्याच जागी दररोज पुन्हा फाटतो आणि सुजलेला गाल टोकावर आणखी दाबला जातो. काही मुलं बोलतच नाहीत, आणि तपासताना टोक गालात शिरून त्यावर त्वचा वाढलेली सापडते. मूल एका बाजूनेच जेवत असेल, किंवा बोलताना गाल आत धरत असेल, तर विचारा.

जखमेसाठी फार काही लागत नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरायच्या. तिखट, आंबट आणि खूप गरम काही दिवस टाळायचं. बधिर करणारं लिग्नोकेनचं जेल जेवणाआधी थोडंसं लावता येतं. तोंडाच्या काही जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये ही जेल १६ वर्षांखालील मुलांना वापरू नयेत असं सांगितलं, त्यामुळे तुमच्या मुलीसाठी नळीवरची घटकांची यादी वाचून घ्या. दुखणं जास्तच असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. टोक दूर झालं की अशी जखम आठवडा ते दहा दिवसांत भरते. तार काढूनही तीन आठवड्यांनी ती तशीच असेल तर तपासून घ्यायलाच हवी, कारण मग ती फक्त तारेची जखम राहत नाही. आणि जखम पिवळसर-पांढरी दिसली म्हणून पू झाला असं समजून अँटिबायोटिक सुरू करू नका. तोंडातली भरत असलेली जखम तशीच दिसते.

आता नेलकटरकडे येऊ. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, दवाखाने बंद असताना ब्रिटनसह अनेक ठिकाणच्या ऑर्थोडॉन्टिस्टांनी, म्हणजे ब्रेसेस लावणाऱ्या दंतवैद्यांनी, रुग्णांना घरीच तार कापण्याच्या सूचना दिल्या होत्या, त्यात नेलकटरही होतं. म्हणजे ते अशक्य नाही. पण दवाखान्यात आम्ही ज्या अवजाराने मागची तार कापतो, त्या डिस्टल एंड कटरची खुबी अशी की कापलेला तुकडा त्याच्या तोंडात अडकून राहतो. नेलकटर तुकडा उडवतं. तुकडा तीन मिलिमीटरचा, धारदार, आणि घशापासून दोन बोटांवर. माझी भीती ही आहे, कापण्याची नाही.

तेव्हा पुढच्या सगळ्या गोष्टी जुळल्या तरच कापा: तार बारीक गोल आहे, दुसऱ्या बाजूचं टोक ट्यूबमध्ये आहे, बाहेर आलेला भाग किमान तीन-चार मिलिमीटर आहे, मेणाने भागत नाही, डॉक्टरांपर्यंत एक-दोन दिवसांत पोहोचता येत नाही, आणि फोनवर त्यांनी किंवा दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टने होकार दिला आहे. टोक मिलिमीटरभरच असेल तर नेलकटरचं तोंड तिथवर पोहोचतच नाही. ते गालाचा चिमटा घेतं.

कापायचं ठरलंच तर मुलगी ताठ बसलेली, मान किंचित पुढे झुकवलेली हवी. आडवी कधीच नको. स्वतःचं स्वतः कापू नये, दुसऱ्याने कापावं, आणि तिसरं माणूस टॉर्च धरायला असलं तर उत्तम. लहान, धारदार नेलकटर साबणाने धुऊन उकळून किंवा स्पिरिटने पुसून घ्या. जीभ आणि दाढ यांच्यामध्ये, तसंच टोकाच्या मागे गालाच्या खोबणीत, दुमडलेलं गॉझ किंवा स्वच्छ रुमालाचं टोक भरा, म्हणजे तुकडा त्यात पडेल. शक्य असेल तर टोक चिमट्याने धरून ठेवा. ट्यूबला जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि एकाच दाबात कापा, कुरतडत बसू नका. तार कापली जाताना ‘टक्’ असा झटका बसतो, तो तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती दचकून तोंड मिटते. तुकडा सापडला का ते पाहा, आणि सापडेपर्यंत गॉझ बाहेर फेकू नका. मग उरलेल्या टोकावर मेण लावा, कारण नुकतं कापलेलं टोक आधीच्यापेक्षाही धारदार असतं. काम संपलेलं नाही. दवाखाना उघडला की ते टोक गुळगुळीत करून किंवा दुमडून घ्यायचंच आहे. घरातली पक्कड आणि शिवणकामाची कात्री या दोन्ही वस्तू यादीतून काढून टाका.

तुकडा गिळला गेला तर? बारीक छोटा तुकडा बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे निघून जातो. उलटी करवू नका, जुलाबाचं औषध देऊ नका. घशात काही अडकल्यासारखं वाटत असेल तर वरून घास गिळून ते ढकलू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. तुकडा लांब असेल, छातीत किंवा पोटात दुखत असेल, गिळताना त्रास होत असेल, लाळ गळत असेल, उलटी होत असेल किंवा शौच काळी झाली असेल तर थेट रुग्णालयात जा. त्याहून गंभीर म्हणजे तुकडा श्वासनलिकेत जाणं. एकाएकी खोकल्याची उबळ, घुसमट, श्वासात शिट्टीसारखा आवाज ही त्याची लक्षणं. श्वास अडकत असेल तर क्षणाचाही विलंब नको. आणि फसू नका: उबळ थांबून मूल ‘आता बरं आहे’ म्हणालं तरी तुकडा फुप्फुसाच्या फांदीत बसलेला असू शकतो. धातू एक्स-रेत दिसतो, म्हणून एक्स-रे काढल्याशिवाय घरी येऊ नका.

रात्री-अपरात्री धाव घ्यावी अशा इतर गोष्टी कमी आहेत. टोक गालात शिरून अडकलं आहे आणि निघत नाही, दहा-पंधरा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नाही, गाल बाहेरून सुजून ताप आला आहे, तोंड उघडत नाही. बाकी सगळं सकाळपर्यंत थांबतं.

पालकांना आणखी एक काळजी असते, की तार सैल झाली म्हणजे झालेला उपचार वाया जाईल का. सुरुवातीची बारीक तार एका बाजूच्या ट्यूबमधून सुटून चार-पाच दिवस राहिली तर फार तर ती दाढ तेवढे दिवस जागच्या जागी राहते. महिनाभर राहिली तर ती दाढ भलतीकडे वळू शकते. मधेच तुटलेली तार मात्र लवकर दाखवावी, कारण तुटलेल्या ठिकाणच्या दोन्ही बाजूंचे दात आता एकमेकांशी बांधलेले नाहीत आणि त्यांच्यावर स्प्रिंग किंवा रबरी साखळी ओढत असेल तर ते नको तिकडे जातात. वरच्या आणि खालच्या दातांना जोडणारी रबरं मूल स्वतः लावत असेल आणि ती ज्या हुकाला अडकवतात त्याचं ब्रॅकेट किंवा तार सैल झाली असेल, तर त्या बाजूचं रबर लावणं थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. एकाच बाजूने ओढ राहू द्यायची की दोन्हीकडची थांबवायची, हे त्यांनीच ठरवायचं. दोन दिवस रबर न लावल्याने काही बिघडत नाही.

हे पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष नशिबाला देऊ नका. सरकणाऱ्या तारेवर इलाज आहे: समोरच्या भागात तारेवर बारीक अडथळा दाबून बसवता येतो, किंवा टोक ट्यूबच्या मागे दुमडता येतं. दर भेटीत तीच बाजू टोचत असेल तर हे स्पष्ट शब्दांत मागा, डॉक्टर रागावणार नाहीत. खुर्चीतून उठण्याआधी मुलीला दोन मिनिटं द्या. तोंड पूर्ण उघडायचं, जांभई द्यायची, जबडा दोन्ही बाजूंना हलवायचा, जिभेने शेवटच्या दाढेचा मागचा भाग चाचपायचा आणि बाहेरून बोटाने गाल दाढेवर दाबायचा. भूल दिलेली असेल तर हे सगळं निरर्थक, पण तार बदलताना भूल देत नाहीत. आणि जे टोचतं ते तिथेच सांगायचं. ‘घरी जाऊन ठीक होईल’ म्हणून गप्प बसणारी मुलं दुसऱ्या दिवशी फोन करतात. तो तुकडा कापायला आम्हाला अर्धं मिनिट लागतं.

खाण्याबद्दलचं भाषण प्रत्येक दवाखान्यात ऐकवलं जातं, ते पुन्हा ऐकवत नाही. फक्त बर्फ चघळणं, पेनचं टोपण चावणं आणि नखं खाणं या तीन सवयी विचारून घ्या, कारण त्या खाण्यात मोजल्या जात नाहीत आणि तारा वाकवण्यात सर्वांत पुढे असतात. मैदानी खेळात धक्का लागण्याची शक्यता असेल तर ब्रेसेसवर बसणारा माउथगार्ड मागून घ्या. प्रवासाला किंवा सहलीला जाताना मेण, छोटा आरसा, बोथट चिमटा आणि कापसाच्या काड्या एका डबीत टाका. ती डबी मुलीच्या दप्तरात हवी, तुमच्या कपाटात नको.

उपचार संपल्यावर समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला एक बारीक तार कायमची चिकटवतात, ती सुटली तर वरचे बरेचसे नियम उलटे होतात. ती फारशी टोचत नाही, जिभेला जरा खरखरीत लागते, म्हणून लोक महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतात. आणि नेमकी हीच तार थांबू देत नाही. एका दातावरून ती सुटली की तो दात काही आठवड्यांत जागा सोडू लागतो. तार वाकलेली असून उरलेल्या दातांना घट्ट चिकटलेली असेल तर ती त्यांनाच हळूहळू चुकीच्या दिशेने फिरवते. काढता-घालता येणारा रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, असेल आणि तो बसत असेल तर त्या दिवसापासून दिवस-रात्र घाला. जोर न लावता बसत नसेल तर घालू नका. त्याच आठवड्यात तार पुन्हा चिकटवून घ्या.